‘स्वावलंबन’ आणि ‘स्वतंत्र जीवन’ : एका कलमाची चिकित्सा

अपंगांच्या प्रश्नाचा विचार करताना आपल्याकडे ‘स्वावलंबन’ हा शब्द मोठ्या आदराने योजिला जातो. परंतु स्वावलंबन आणि स्वतंत्र जीवन या दोन कल्पना एकच नव्हेत. पहिलीत आपले काम आपल्या हातांनी करणे अभिप्रेत असते. दुसरीत आपल्या जीवनाचे निर्णय आपण घेणे. हा भेद दृष्टिआड झाला म्हणजे ज्याला उठण्यास, स्नानास वा जेवणास दुसऱ्याचा हात लागतो तो स्वातंत्र्यास अपात्रच ठरतो.

अमेरिकेतील चळवळीने हा भेद प्रथम ठळकपणे मांडला. पोलिओमुळे मानेखालील शरीर लुळे पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांना वसतिगृहाऐवजी विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावे लागले. राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने त्यांना पूर्वी नोकरीस असमर्थ मानले होते, त्याच खात्याचे ते १९७५ मध्ये संचालक झाले. बर्कली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र जीवन केंद्रामागील विचार असा की, मदतनीस लागणे हे परावलंबन नव्हे; तो कोण असावा, केव्हा यावा व त्याने काय करावे हे ठरविता न येणे, हे खरे परावलंबन होय.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील १९ व्या अनुच्छेदात हेच तत्त्व आले, आणि २००७ मध्ये भारताने त्या करारास अनुसमर्थन दिले. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे (२०१६) कलम ५ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्याचे पहिले उपकलम समाजात राहण्याचा हक्क निःसंदिग्धपणे देते. दुसऱ्यात मात्र विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती नसावी आणि वैयक्तिक साहाय्य उपलब्ध व्हावे, यासाठी शासनाने केवळ ‘प्रयत्न’ करावयाचा आहे. अधिक साहाय्य लागणाऱ्यांसाठी असलेले कलम ३८ देखील ते साहाय्य शासनाच्या योजना व आदेश यांच्या अधीन ठेवते. म्हणजे हक्क स्पष्ट, पण तो ज्या साधनाने भोगावयाचा ते साधन ऐच्छिक! ज्याला सकाळी अंथरुणातून उठविणारे कोणी नाही, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे असे सांगण्यात काय अर्थ?

शासनाची साधने मर्यादित आहेत, हा आक्षेप क्षुल्लक नाही. करारही आर्थिक व सामाजिक हक्कांची क्रमाक्रमाने पूर्ती मान्य करतो. पण उपलब्ध साधनांचा कमाल वापर करण्याच्या अटीवर. क्रमाने द्यावयाचे तर क्रम ठरविला पाहिजे, मुदत घातली पाहिजे. ‘प्रयत्न’ या शब्दात ना क्रम आहे, ना मुदत.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात याच्याशी समांतर असा दोष दाखविला. सुगम्यतेची मानके अधिनियमाने बंधनकारक योजिली असता नियम १५ ने ती शिफारशीच्या पातळीवर आणली, म्हणून तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरला. परंतु तेथे दोष नियमात होता व त्याचे निवारण अधिनियमाच्या आधारे करता आले. कलम ५ मधील दुबळेपणा खुद्द अधिनियमाच्या शब्दांत आहे. तो दूर करणे हे प्रथमतः विधिमंडळाचे, म्हणजे संसदेचे, काम होय.

उतारासह बांधलेला दरवाजा आवश्यक खराच. परंतु त्या दरवाजापर्यंत आणणारा हात कोणाच्या मर्जीने मिळतो, यावर त्या घरातील माणूस नागरिक आहे की आश्रित, हे ठरते.