मंत्रचळेपणाचे तीन वृत्तांत

तीन वर्षांपूर्वी दिल्लीतील आमच्या मराठी अभ्यासवर्गात आम्ही फ्रॉइडच्या एका रोगवृत्तांतावर निबंध वाचला होता. शास्त्रीय लेखन वाङ्मयाच्या पदवीला कसे पोहोचते, हे दाखविण्याचा आमचा हेतू होता. निबंध संपल्यावर मागच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी एवढेच विचारले, ‘‘हे सगळे ठीक आहे, पण तो माणूस बरा झाला का? आणि झाला असेल तर कशाने?’’ आम्ही त्यावर बरेच बोललो, पण प्रश्नाचे उत्तर काही दिले नाही. त्यानंतर वर्षभरातच तोच प्रश्न आमच्या घरात येऊन बसला. प्रस्तुत लेख हे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर होय.

ह्या विकाराला मराठीत ‘मंत्रचळेपणा’ असा अर्थवाही शब्द आहे. मंत्राला आवर्तने असतात, पण त्यांची संख्या ठरलेली असते. ती पुरी झाली की माणूस उठतो. चळ लागलेल्याची आवर्तने मात्र कधी पुरी होत नाहीत. विकाराची अंगे दोन. एक, मनात नको असलेला विचार पुनःपुन्हा घुसणे. दुसरे, त्यामुळे उठलेली अस्वस्थता शमविण्यासाठी एखादी कृती, मग ती हात धुण्याची असो, कुलूप ओढून पाहण्याची असो वा मनातल्या मनात आकडे मोजण्याची असो, पुनःपुन्हा करावी लागणे. शंभरांत दोन-तीन माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो गाठतो. ह्या विकारावरील तीन लेखनकृती येथे तपासावयाच्या आहेत : फ्रॉइडचा १९०९चा वृत्तांत, व्हिक्टर मेयर ह्यांचा १९६६चा शोधनिबंध आणि ज्युडिथ रॅपोपोर्ट ह्यांचे १९८९चे पुस्तक.

फ्रॉइडचा रुग्ण हा व्हिएन्नातील एक तरुण वकील. लष्करी सरावाच्या वेळी एका कॅप्टनने त्याला उंदरांकरवी देण्यात येणाऱ्या एका भीषण शिक्षेची हकीकत सांगितली, आणि ही शिक्षा आपल्या प्रेयसीला व वडिलांना होईल ह्या विचाराने त्याला पछाडले. वडील तर केव्हाच वारले होते! टपालाने मागविलेल्या चष्म्याचे किरकोळ पैसे कोणाला फेडावयाचे, एवढ्यावरून त्याने स्वतःला शपथांच्या आणि रेल्वेप्रवासांच्या बेतांच्या जाळ्यात अडकवून घेतले. प्रेयसीची गाडी ज्या रस्त्याने जावयाची त्या रस्त्यावरील दगड त्याने बाजूला केला. थोड्या वेळाने हे करणे वेडेपणाचे वाटून तोच दगड पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवला. एवढ्याशा दगडात मनुष्यमनाचे द्वंद्व उभे करणारी लेखणी सामान्य नव्हे.

ह्या सामग्रीवर फ्रॉइडने चढविलेला अर्थांचा मनोरा पाहून वाङ्मयाचा कोणताही विद्यार्थी हरखून जाईल. जर्मन भाषेत ‘राट्टेन’ म्हणजे उंदीर, ‘रातेन’ म्हणजे हप्ते, ‘हायरातेन’ म्हणजे विवाह करणे. त्यातच वडिलांनी सैन्यात असताना केलेले आणि न फेडलेले जुगाराचे कर्ज. एका शब्दाच्या श्लेषातून पित्याविषयीचे प्रेम आणि द्वेष, ऋण आणि विवाह हे सर्व धागे एकत्र येतात. दगड पुन्हा रस्त्यावर ठेवणे हा केवळ विवेक नव्हे, तर तीत प्रेयसीविषयीचा छुपा वैरभावही आहे, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या निबंधात आम्ही ह्याच श्लेषावर चार पाने खर्ची घातली होती.

परंतु त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे काय? रुग्ण पूर्णतः सावरला असे फ्रॉइड सांगतो. मात्र त्याची पुढील वर्षे पारखण्याची सोय राहिली नाही. तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. शिवाय ह्या रुग्णासंबंधीची फ्रॉइडची दैनंदिन टिपणे त्याच्या मागे राहिली आणि १९५५ साली इंग्रजीत छापली गेली. त्यांत जागोजागी दिसणारी रुग्णाची आई प्रसिद्ध वृत्तांतात जवळजवळ नाहीशी झालेली आहे. पित्याभोवती रचलेल्या कथानकात तिला जागा उरली नसावी. कथेची बांधणी घट्ट व्हावी म्हणून पात्र गाळण्याचा अधिकार कादंबरीकाराला आहे. वैद्याला तो आहे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. तथापि न्याय म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, १९१८ साली बुडापेस्ट येथील भाषणात फ्रॉइडनेच कबूल केले होते की, अशा तीव्र विकारात वैद्याने नुसती वाट पाहत बसणे पुरेसे नाही.

मेयर ह्यांचा निबंध हाती घेतला की आपण दिवाणखान्यातून थेट कोठीघरात आलो असे वाटते. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील दोन रुग्णांची ही हकीकत. ज्या गोष्टीची भीती तिला रुग्णाने सामोरे जावयाचे, आणि त्यानंतर नेहमीची शांतवन करणारी कृती करावयाची नाही, एवढाच उपचार. परिचारिका सतत जवळ राहत. धुण्याचा चळ असलेल्या रुग्णेच्या खोलीतील पाणीही बंद केले होते. तोवर वैद्यांचीही अशी समजूत होती की, कृतीपासून रोखल्यास रुग्णाची अस्वस्थता असह्य होईल. प्रत्यक्षात अस्वस्थता वाढली आणि नंतर आपोआप उतरली. १९७४ पर्यंत पंधरा रुग्णांवर हा उपचार होऊन बहुतेकांना चांगला गुण आला. पुढे मॉड्सले रुग्णालयात आणि अमेरिकेत ह्याच पद्धतीची कसोशीने परीक्षा झाली, आणि आज ह्या विकारावरील मानसोपचारांत तिचे स्थान पहिले आहे.

मेयर ह्यांच्या निबंधात दोष नाहीत असे नाही. त्यात रुग्णाचा आवाज ऐकू येत नाही. परिचारिकांचा पहारा वाचताना तुरुंगाची आठवण होते. आज कोणी चांगला उपचारक असा नळ बंद करीत नाही. कमी भीतीपासून अधिक भीतीकडे जाणारी पायऱ्यांची यादी रुग्ण आणि उपचारक मिळून करतात, आणि नळ बंद करणारा हात रुग्णाचा स्वतःचाच असतो. पण मेयर ह्यांनी एक प्रश्न विचारलाच नाही, आणि तेच त्यांचे मोठेपण. ह्या विचाराचा अर्थ काय, हे त्यांनी विचारले नाही. ह्या विचारानंतर माणूस काय करतो, एवढेच पाहिले.

ह्या न विचारण्याला पुढे आधार मिळाला. १९७८ साली रॅखमन आणि पद्मल डी सिल्वा ह्यांनी निरोगी माणसांना त्यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांविषयी विचारले. सुमारे ८० टक्के लोकांनी असे विचार येतात हे मान्य केले. कड्यावर उभे असता शेजाऱ्याला ढकलावे, देवळात अभद्र शब्द उच्चारावा, असली लहर बहुतेकांच्या मनात चमकून जाते. निरोगी माणूस तिला जाऊ देतो. रुग्ण तिच्यात आपल्या चारित्र्याचा दाखला शोधतो. १९८५ साली पॉल सॅल्कोव्हस्किस ह्यांनी हेच सूत्र पुढे नेले : संभाव्य अनिष्टाची सारी जबाबदारी आपल्यावर आहे, असे रुग्ण मानतो, आणि म्हणून त्याला स्वस्थ बसवत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, आपल्या प्रत्येक विचारात गूढ अर्थ पाहणे हा रोगाचाच एक भाग आहे. फ्रॉइडच्या वृत्तांताने आम्हाला जे मोहविले ते हेच. वैद्य रुग्णाइतकाच कुशल टीकाकार होता. पण रुग्णाला आणखी एका टीकाकाराची गरज नव्हती.

तर मग कथा निरुपयोगी ठरते काय? ह्याचे उत्तर रॅपोपोर्ट ह्यांच्या पुस्तकात आहे. ‘हात धुणे थांबवू न शकणारा मुलगा’ अशा अर्थाचे त्याचे नाव. त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत संशोधक होत्या. क्लोमिप्रामीन ह्या औषधाचा ह्या विकारावरील गुण १९६०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात ध्यानात आला होता. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९८९ साली, म्हणजे पुस्तक निघाले त्याच वर्षी. रॅपोपोर्ट ह्यांनी रुग्णांना स्वतःच्या शब्दांत बोलू दिले. रस्त्यात गाडीला धक्का बसला की आपण कोणाला तरी चिरडले अशा शंकेने त्याच रस्त्यावर परत परत फिरणारा गृहस्थ ह्या पुस्तकात भेटतो, आणि अनेक वाचकांना प्रथमच कळते की आपल्या लज्जास्पद गुपिताला नाव आहे. हा विकार वर्षानुवर्षे लपविला जातो. त्याला उंबरठ्याबाहेर आणण्याचे काम कोणत्याही शोधनिबंधापेक्षा अशी कथाच अधिक करते.

मात्र त्यांचा सिद्धांत आम्हाला पुरता पटत नाही. धुणे-पुसणे ही प्राण्यांच्या अंग चाटण्या-साफ करण्याच्या उपजत वृत्तीची अवशिष्ट रूपे होत, असे त्यांचे प्रतिपादन. ते हात धुण्याला लागू पडेल. देवाविषयी अभद्र विचार येऊन तळमळणाऱ्याला कसे लागू पडावे? शिवाय औषधाने गुण येतो म्हणून रोग केवळ मेंदूचा, हे अनुमानही घाईचे. १९९२ साली बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, औषधाने गुण आलेल्या आणि वर्तनोपचाराने गुण आलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांत मेंदूच्या एकाच भागात सारखा बदल होतो. वाटा दोन असल्या तरी मुक्काम एक आहे.

आता घरातील गोष्ट. आमची धाकटी बहीण शिक्षणासाठी आमच्याकडे राहावयास आली. रात्री ती विचारी, ‘‘दादा, गॅस बंद केलास ना?’’ आम्ही ‘हो’ म्हणत असू. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. कधी वीस वेळा. आम्हाला वाटे, ही आमची माया. मग आमच्यातील टीकाकार जागा झाला, आणि लहानपणी घरात लागलेल्या आगीशी आम्ही त्या गॅसचा संबंध जोडून दिला. तिला तो पटला. प्रश्नांची संख्या मात्र तिळमात्र घटली नाही. उलट आगीविषयीचे प्रश्न वाढले.

अखेर एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. तेथील डॉक्टरीण बाईंनी आगीची हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि आम्हालाच विचारले, ‘‘तुम्ही दिवसातून किती वेळा उत्तर देता?’’ तेव्हा कळले की, आमचे प्रत्येक ‘हो’ हे तिच्या हात धुण्यासारखेच होते. क्षणभर शांत करणारे आणि पुढच्या प्रश्नाला बळ देणारे. औषध सुरू झाले. त्याचा गुण दिसण्यास दोन-तीन महिने लागतात हेही सांगण्यात आले. उत्तरे एकदम तोडली नाहीत. बहिणीच्या संमतीने आठवड्या-आठवड्याला कमी केली. पहिल्या रात्री ती रडली, आणि आम्ही खोलीत फेऱ्या घालीत राहिलो. तिच्याहून आम्हालाच ते अधिक कठीण गेले असावे. आज ती नोकरी करते. प्रश्न अधूनमधून येतो. तो अनुत्तरित ठेवूनही तिला झोप लागते. हा मजकूर तिने वाचला आहे आणि तो छापण्यास तिची हरकत नाही.

कचेरीत आम्ही दिवसभर कागद तपासतो. प्रत्येक कागद एकदा पाहावयाचा, सही करावयाची आणि पुढच्या टेबलावर पाठवावयाचा. चूक राहिली असण्याची शक्यता शून्य कधीच नसते. तरी कागद पुढे जातो, म्हणून राज्यकारभार चालतो. शक्यता शून्य नसतानाही हात आवरणे, हेच ह्या उपचाराचे मर्म होय. फ्रॉइडचा वृत्तांत आम्ही आजही श्रेष्ठ वाङ्मय मानतो. परंतु अभ्यासवर्गातील त्या गृहस्थांना आता सांगावेसे वाटते की, अशा माणसाला बरे करणारी वाट त्या अप्रतिम पानांतून गेली नाही. ती मेयर ह्यांच्या रुक्ष निबंधातून गेली, आणि आमच्या घरात ती सुरू झाली ती आम्ही न उच्चारलेल्या एका ‘हो’पासून.