भयाची साक्ष

लहानपणी कोल्हापुरात दंगा केला की आमची आजी म्हणे, "गप नीज, नाहीतर पारधी नेतील." पारधी मी पाहिलेला नव्हता; भीती मात्र खरी होती. पुढे एकदा भर दुपारी पाणी मागायला आलेल्या पारधिणीच्या तोंडावर मी दार लावून घेतले. कोणी जाब विचारला असता तर 'मी भ्यालो' असे अगदी प्रामाणिकपणे सांगितले असते.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) पुन्हा वाचताना ते दार आठवले. 'दाहक अनुभव' एवढे म्हणून आपली टीका या आत्मकथनापुढे हात जोडते. उत्तरार्धात चळवळीचा वृत्तान्त वाढतो आणि पकड सैल होते, हे मान्य. पण त्याचे खरे मोल निराळे आहे. चोराची भीती आपण एरवी दाराच्या आतूनच ऐकत आलो. गायकवाडांनी ती बाहेरून सांगितली. पोलीस झडतीला येतात, तेव्हा आपण ज्याला भितो तोच थरथरत असतो.

स्वसंरक्षणाच्या कायद्याला भीती 'वाजवी' लागते. वाजवी कोणाच्या मापाने? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०१२ साली ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा गोळीला बळी पडला. मारणारा स्वसंरक्षणाच्या बचावावर २०१३ मध्ये निर्दोष सुटला. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, संशय राहिला. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. तेथे बंदूक नव्हती, अफवा पुरली.

अशा वेळी भिणारा खोटेच बोलतो असे नव्हे. पण भीती खरी असली म्हणून तिचे कारण खरे ठरत नाही. ते कारण त्याला ऐकलेल्या गोष्टींतून मिळालेले असते. म्हणून हा प्रश्न कोर्टाइतकाच वाङ्मयाचाही आहे, आणि 'उचल्या'ची थोरवी मी येथे मानतो.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची प्रथा बंद केली. फासेपारध्यांना तर पहाऱ्याचे काम दिले. आजीच्या गोष्टीत मात्र पारधी कधी पहारेकरी झाला नाही.