पडद्यावरचं सफरचंद

आजचा विषय वैद्यकातला, आणि आम्ही डॉक्टर असलो तरी तत्त्वज्ञानाचे. आमच्या पदवीनं कुणाचा खोकलाही बरा झालेला नाही. पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं आमची उजवी बाजू धरली, तेव्हापासून हा विषय आमच्या हातातला आहे. हातात नीट येत नाही, एवढीच तक्रार.

उपचारात डोळ्यांवर तो व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा चढवला. समोर झाड, झाडाला सफरचंदं. हात पुढे करायचा, मूठ मिटायची, फळ टोपलीत टाकायचं. पंधरा दिवसांत गुण दुप्पट झाले. घरी येऊन चहाचा कप उचलला, तर कपाचा कान बोटांत राहीना. सगळा चहा लेंग्यावर.

आता 'आभासी' म्हटलं की आपल्याला मृगजळ आठवतं. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीची कसोटी अशी, की जे कार्य घडवतं ते सत्. मृगजळानं तहान भागत नाही, म्हणून ते पाणी खोटं. बरं, मग या सफरचंदाचं काय करायचं? पोट भरत नाही, पण त्याच्यासाठी हात तर शंभरदा उचलला गेला! दुबळा हात जमत नाही म्हणून माणूस तो वापरणंच सोडतो. एडवर्ड टॉब यांनी दाखवलं, की हे न वापरणं अंगवळणी पडतं. ती सवय हे फळ मोडतं. तेव्हा त्याला निव्वळ खोटं म्हणायला आम्ही तयार नाही.

आमची हरकत गुणांना आहे. फळ गाठण्यासाठी आम्ही काय करत होतो? कोपर सरळ होत नव्हतं, म्हणून कमरेतून झुकत होतो. यंत्रानं गुण दिले. शेजारच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र आमची पाठ खुर्चीला टेकवून धरली आणि म्हणाल्या, "सर, आता घ्या बघू." एकही फळ मिळालं नाही. खरी परीक्षा ती होती. शिवाय त्या फळाला वजन नाही, ते निसटत नाही. किती दाबायचं हे बोटांना वस्तूच शिकवते. तिथे वस्तूच नव्हती.

आणि पुरावा काय सांगतो? सापोस्निक आणि सहकाऱ्यांची चाचणी 2016 साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आली. रुग्ण 141. नेहमीच्या उपचाराखेरीज एका गटाला निन्टेन्डो वीचे खेळ, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा. दोन आठवड्यांत दोन्ही गट सुधारले, लक्षणीय फरक काही निघाला नाही. तिथे चष्मा नव्हता, साधा पडदा होता, हे मान्य. पण 2017 च्या कोक्रेन आढाव्यातही, 72 चाचण्या पाहून, हाताच्या बाबतीत नेहमीच्या उपचारापेक्षा हे सरस ठरलं नाही. नेहमीच्या उपचारात भर म्हणून, म्हणजे सरावाचा वेळ वाढला तिथे, उपयोग दिसला. मग घरातलं सोनं गहाण टाकून चष्मा घेऊ पाहणाऱ्या मुलाला हे कुणी सांगायचं? विकणारा तर सांगणार नाही.

आम्ही सध्या संध्याकाळी घरच्यांबरोबर मेंढीकोट खेळतो. पत्ते डाव्या हातात, टाकायचे उजव्यानं, हा नातवाचा नियम. परवा चौकटची दश्शी ओढताना बाकीचे पत्ते खाली सांडले, आणि त्या पोरानं ते उचलून द्यायच्या आधी सगळे बघून घेतले.