जोडीतील दोन भिंगे : दुकानातील नाव आणि शिवारातील काम

रिसोडच्या एका शाळेने निसर्गमंडळासाठी कॅमेरा घ्यायचे ठरवले. पैसे शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून जमवलेले. म्हणजे एकदा खर्च झाले की पाच-सात वर्षे हा विषय पुन्हा निघणार नाही. दुकानदाराने सुचवले ते बहुतेक ठिकाणी सुचवतात तेच. आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा, आणि त्यासोबत दोन झूम भिंगांची जोडी : एक ‘स्टँडर्ड’, दुसरे ‘टेली’. स्टँडर्ड जवळच्यासाठी, टेली लांबच्यासाठी, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. शाळेतल्या मित्रांनी माझे मत विचारले. जोडी वाईट नाही. स्पष्टीकरण मात्र आपल्या कामाच्या दृष्टीने जवळजवळ उलटे आहे.

उदाहरणासाठी निकॉनच्या झेड ५० या २०१९ साली आलेल्या कॅमेऱ्याबरोबरची जोडी घेऊ. पहिले भिंग १६ ते ५० मिमी, वजन १३५ ग्रॅम. दुसरे ५० ते २५० मिमी, वजन ४०५ ग्रॅम. इतर कंपन्यांचे आकडे थोडे पुढेमागे असतात, पण हिशेब तोच. हे आकडे नाभीय अंतराचे आहेत. चित्र ज्यावर पडते तो सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि १५.७ मिमी उंच आहे. एवढी माहिती हाती असली की भिंग विकत घेण्यापूर्वीच त्यातून काय दिसेल ते पाहता येते.

त्यासाठी पुठ्ठ्याला ४७ मिमी रुंद व ३१ मिमी उंच अशी खिडकी कापा. ती सेन्सरच्या दुप्पट आहे. एक डोळा मिटून पुठ्ठा डोळ्यापासून १० सेमीवर धरला, तर खिडकीतून दिसते तेवढेच दृश्य ५० मिमीचे भिंग टिपते. ५० सेमीवर, म्हणजे हात जवळजवळ पूर्ण लांब करून धरला, की ते २५० मिमीचे भिंग झाले. अंतराच्या सेंटिमीटरना पाचाने गुणायचे, की झाले. १६ मिमीसाठी मात्र पुठ्ठा ३.२ सेमीवर, अगदी डोळ्याजवळ आणावा लागतो. पुठ्ठ्याला दोरा बांधून त्यावर गाठी मारल्या तर सातवीतला मुलगाही ‘झूम’ करून दाखवील.

आता हा पुठ्ठा घेऊन लोणारला जाऊ. रिसोडकडच्या शाळांची सहल तिकडे जातेच, आणि काठावरून सगळे विवर एका चित्रात यावे अशी प्रत्येकाची इच्छा असते. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो हे आपण फळ्यावर शिकवतो. म्हणून काठावर कोठेही उभे राहिले तरी समोरच्या व्यासाची दोन टोके डोळ्याशी ९० अंशांचा कोन करतात. १६ मिमीच्या भिंगाची आडवी नजर सुमारे ७३ अंश. स्टँडर्ड भिंग विवराला अपुरे पडते ते असे. त्यासाठी या सेन्सरवर १२ मिमीच्या आसपासचे भिंग हवे, किंवा दोन-तीन चित्रे काढून जोडावीत. माझे मत जोडण्याच्या बाजूने, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि मुलांना कोन मोजण्याचे निमित्त मिळते.

टेलीकडे वळू. मंडळाला काळवीट हवा होता. वाशिम जिल्ह्यात त्याच्यासाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, आणि शेतांतूनही कळप दिसतात. नराची खांद्यापर्यंतची उंची सुमारे ८० सेमी. तो १०० मीटरवर उभा असेल तर २५० मिमीच्या भिंगाने त्याची सेन्सरवरील प्रतिमा २ मिमी उंच पडते. चौकटीच्या उंचीचा आठवा भाग. चित्राच्या उभ्या ३७१२ बिंदूंपैकी सुमारे ४७० बिंदू त्याच्या वाट्याला येतात. ओळखायला हे पुरेसे आहे, भिंतीवर लावायला नाही.

खरी अडचण आकाराची नाहीच, उजेडाची आहे. लांब टोकाला या भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र एफ ६.३. व्यावसायिकांच्या महाग झूम भिंगांचे एफ २.८ असते. गुणोत्तराचा वर्ग काढला तर आपल्या भिंगातून त्याच्या एक पंचमांशच प्रकाश आत येतो. भर उन्हात काही बिघडत नाही. कमीत कमी संवेदनशीलतेला, म्हणजे आयएसओ १०० ला, सेकंदाचा सहाशेवा भाग मिळतो आणि धावते जनावरही स्थिर उमटते. सूर्य मावळल्यावर उजेड शंभरपट घटला की तेवढ्याच वेळेसाठी आयएसओ दहा हजार लागतो, आणि चित्रात रवा दिसू लागतो. जनावर चांगले दिसते ते नेमके सकाळ-संध्याकाळी. भिंगातली कंप रोखणारी सोय आपला हात सावरते, काळविटाचे पाय नव्हे. मग ४०० मिमीपर्यंतचे भिंग घ्यावे का? आवाक्यातल्या अशा भिंगाचे छिद्र त्या टोकाला एफ ८ पर्यंत आणखी लहान झालेले असते. अंतर जिंकले, उजेड हरला.

येथे एका आकड्याबद्दल सावध करतो. दुकानात हे भिंग ‘३७५ मिमीच्या बरोबरीचे’ म्हणून सांगतात. पूर्ण चंद्राची प्रतिमा २५० मिमीच्या भिंगाने सुमारे २.३ मिमी पडते. सेन्सर मोठा असो वा लहान, ती २.३ मिमीच राहते. लहान सेन्सर फक्त कडेचे आकाश कापतो. ‘बरोबरी’ आहे ती नजरेच्या कोनाची, प्रतिमेच्या आकाराची नव्हे.

मग टेली घेऊच नये काय? घ्यावे, पण काळविटासाठी नव्हे, फुलपाखरासाठी. हे भिंग लांब टोकाला १ मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते, आणि तेव्हा वस्तूच्या ०.२३ पट प्रतिमा मिळते. म्हणजे जेमतेम १० सेमी रुंदीचा तुकडा सगळी चौकट व्यापतो. रुईवर येणारे केशरी फुलपाखरू पंख पसरल्यावर सात-आठ सेमीचे. ते जवळजवळ चौकटभर येते, तेही एवढ्या अंतरावरून की आपली सावली त्यावर पडत नाही. चतुर, कोळ्याचे जाळे, बाभळीचे फूल, सोयाबीनवरची अळी, यांना उन्हात एफ ६.३ पुरते. शाळेच्या आवारातली वर्षभराची नोंद याच भिंगाने होईल. दुकानदार ज्याला ‘लांबचे’ म्हणतो ते असे आपले जवळचे भिंग ठरते.

स्टँडर्ड भिंगाबद्दल एक गोष्ट जाणून असावी. आरसा गेल्याने भिंग सेन्सरजवळ बसवता आले (निकॉनच्या जुन्या बैठकीत ४६.५ मिमी, नव्या बैठकीत १६ मिमी) आणि ते खिशात मावेल इतके लहान झाले. पण लहानपणाची किंमत काचेने दिली आहे : १६ मिमीला सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात आणि कॅमेऱ्यातला गणक त्या सरळ करून दाखवतो. रोजच्या वापरात हे खटकत नाही. चित्रावरून मोजमापे घ्यायची असतील, तर वस्तू चौकटीच्या मध्यभागी ठेवून ३५ ते ५० मिमीच्या भागातच घ्यावीत.

म्हणून मित्रांना कळवले ते असे. जोडी घ्या, तिसऱ्या भिंगाचा विचार सोडा, आणि उरलेल्या पैशांतून भक्कम तिपाई आणा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात छताचे कोरीवकाम अंधारात आहे, एफ २.८ चे भिंग परवडत नाही म्हणून ते सोडून द्यायचे कारण नाही. दगड हलत नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवून एक-दोन सेकंद छिद्र उघडे ठेवले तर साध्या स्टँडर्ड भिंगानेही ते नीट उमटते, फक्त तेवढा वेळ मुलांना खांबाला टेकू देऊ नका.