छक्कडीतली मैना कोण?
लाल बावटा कलापथकाच्या वाटचालीविषयी

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या एका छोटेखानी सभेत एका तरुण गायकाने अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाईली. गळा चांगला होता आणि डफावरचा हातही तयार होता. सभागृहातील बहुतेकांचे डोळे पाणावले. मात्र त्याने ती छक्कड आरंभापासून गाईली नाही. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे जेथे येतात तेथून त्याने सुरुवात केली, आणि तसे करण्याची सूचना आम्हीच त्यास दिली होती. वेळ थोडा आहे, हे कारण त्या वेळी आम्हास पुरेसे वाटले. सभा संपल्यावर एका वयोवृद्ध सभासद-भगिनींनी हळूच विचारले, “गाणं छान झालं हो, पण त्यातली मैना कोण ते काही कळलं नाही.” हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तर द्यावयाचे तर ज्या मंडळींनी हे गाणे गावोगाव नेले त्यांच्यापासून आरंभ करावा लागतो. लाल बावटा कलापथकाची स्थापना १९४४ साली मुंबईत झाली. वारणेकाठच्या वाटेगावचे अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ही त्यातील मुख्य तीन नावे. तिघेही कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. अमर शेखांचे मूळ नाव महेबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊंची लेखणी व अमर शेखांचा पहाडी गळा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गव्हाणकर मात्र बहुतेक लेखांत ‘आणि’ या अव्ययानंतर येतात व तेथेच संपतात. ते स्वतः शाहीर होते आणि त्यांच्याशिवाय हे पथक तिघांचे झाले नसते, एवढे तरी येथे नोंदवून ठेवतो.

आजच्या नातवंडांना हे समजावून सांगताना आम्ही ‘बँड’ हा शब्द वापरला, आणि तो अगदीच चुकीचा ठरला नाही. ठरावीक मंडळी, त्यांची स्वतःची गाणी, गावोगावचे दौरे, राजकीय भूमिका, सरकारची वक्रदृष्टी आणि पुढे फाटाफूट हा सारा क्रम परदेशातील राजकीय रॉक बँडांच्या चरित्रांत जसाच्या तसा सापडतो. फरक आहे तो बाजाराचा. १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेला ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ हा बँड भांडवलशाहीविरुद्ध गाई, पण त्याची गाणी सोनीच्या मालकीची कंपनी विके. लाल बावट्याजवळ डफ, ढोलकी, तुणतुणे, झीलकरी आणि लालबाग-परळच्या चाळींतील श्रोते होते. त्यांची गाणी तोंडातोंडी व स्वस्त पुस्तिकांतून पसरली. आपल्या भागात ती पोहोचली तीही अशीच.

या पथकाने तमाशाच्या रूपाचे काय केले, हा खरा समीक्षेचा विषय आहे. गण, गवळण, बतावणी, वग हा जुना क्रम आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. अण्णाभाऊंनी गणातील गणेशाच्या जागी मायभूमीला व शिवछत्रपतींना वंदन आणले, गवळण गाळली आणि वगातील राजा-प्रधानाच्या ठिकाणी सावकार, शेठजी, पुढारी व मजूर उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. गवळण गेली याची हळहळ करणारे रसिक आमच्या पाहण्यात आहेत, आणि त्यांची तक्रार अगदी निराधार नाही. तमाशातील स्त्रीचा खट्याळ, उलट उत्तर देणारा आवाज मुख्यतः गवळणीत व बतावणीत असे. तो गाळल्यामुळे सभ्यता आली, मध्यमवर्गही येऊन बसू लागला, पण बोलणारी बाई काहीशी मागे सरली. याचा संबंध मैनेशी आहे. त्याकडे पुढे वळू.

पथकाच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध आज निर्भेळ कौतुकाने वाचणे कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धात रशिया ओढला गेल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने हे युद्ध लोकयुद्ध ठरविले. १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यापासून पक्ष अलिप्त राहिला. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांच्याच सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार इंग्रजी सत्तेशी झुंजत होते. पोवाडा म्हणून ती रचना जोरकस आहे. परंतु शाहिराची नजर व्होल्गेवर आणि गाव कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात पेटलेले, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये याच सुमारास पीट सीगर, वुडी गथ्री यांच्या ‘अल्मनॅक सिंगर्स’वरही असाच प्रसंग गुदरला होता. १९४१ च्या पूर्वार्धात त्यांनी युद्धविरोधी गाण्यांची तबकडी काढली. जूनमध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तशी ती मागे घेण्यात आली आणि तेच गायक युद्धाच्या बाजूने गाऊ लागले. पक्षाच्या ठरावामागून चालणाऱ्या गाण्याला वळण लवकर घ्यावे लागते आणि त्यात ताल चुकतो.

मात्र तेवढ्यावर या पथकाला निकालात काढणाऱ्यांशी आमचे जमत नाही. बंगालच्या दुष्काळावर, अमळनेरच्या गिरणी कामगारांवरील गोळीबारावर आणि फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर अण्णाभाऊंनी रचलेले पोवाडे कोणत्याही ठरावाच्या पलीकडे जातात. तेथे भूक आणि रक्त प्रत्यक्ष पाहणारा माणूस बोलतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशांवर निर्बंध आणले आणि कम्युनिस्टांवरही वरवंटा फिरविला. लाल बावटा दोन्ही बाजूंनी कचाट्यात सापडले. तमाशाचे ‘लोकनाट्य’ हे प्रतिष्ठित नाव रूढ होण्यास या बंदीचा हातभार लागला, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावयाची.

पथकाचा खरा उत्कर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात झाला, कारण येथे पक्षाची भूमिका व लोकांची इच्छा प्रथमच एका सुरात आली. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला चंदगड तालुका वगळता आपला सारा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. या वर्षांत अण्णाभाऊ, अमर शेख व गव्हाणकर यांच्या आवाजाने मैदानेच्या मैदाने भरत. ‘माझी मैना’ ही छक्कड याच लढ्यातली.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळू. छक्कड लांबलचक आहे आणि तिचा मोठा भाग सीमाप्रश्नाविषयी मुळीच नाही. एक गरीब माणूस पोटासाठी मुंबईस निघाला आहे. पहाटेची वेळ आहे, भाकरतुकडा बांधला आहे, आणि बायको वेशीपर्यंत पोहोचवावयास आली आहे. तिला हसविण्यासाठी तो पत्रांची आणि नाना दागिन्यांची वचने देतो. तिची कळी खुलत नाही, ती आतून खचते. पुढे मुंबईत त्याला बेकारांच्या गर्दीत भर घालण्यापलीकडे काही साधत नाही. इतके झाल्यावर कोठे शाहीर उपमा देतो, की या दोघांची जशी ताटातूट झाली तशी गत खंडित महाराष्ट्राची झाली. तेथे आपली नावे येतात. (निपाणीचे येते. चिकोडीचे येत नाही. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यातलीच असूनही! पण शाहिराला वृत्त सांभाळावयाचे असते, महसुली दप्तर नव्हे.)

म्हणजे मैना आपण आहोत. गाणारा मुंबईत आहे आणि गावी राहिलेली, वाट पाहणारी ती आपण. आमच्या सभांतून आम्ही हे गाणे इतकी वर्षे त्या गाणाऱ्याच्या जागी उभे राहून ऐकले व म्हटले. ज्याची ताटातूट झाली तो मीच, अशा भावनेने आमचा कंठ दाटून येतो. छक्कड नीट वाचली तर दिसते की कंठ त्याचा दाटतो, तिला मात्र एकही ओळ नाही. तिच्या रूपाचे, गुणांचे, डोळ्यांतील पाण्याचे वर्णन आहे. तिचे म्हणणे नाही. गवळण गाळल्याने मागे सरलेली बाई म्हणतो ती हीच.

आणि ती दागिन्यांची वचने! गेल्या साठ-सत्तर वर्षांत मुंबईहून आपल्याला किती वचने आली, याची यादी आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला. त्यात निपाणी महाराष्ट्रास देण्याची शिफारस होती, बेळगावची नव्हती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि जी शिफारस होती तीही कागदावर राहिली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. प्रत्येक निवडणुकीत नव्या तोड्यांची व पुतळ्यांच्या माळेची बोली होते. अण्णाभाऊंचे मोठेपण आम्हास येथे जाणवते. ज्याच्या तोंडी त्यांनी गाणे दिले त्याचीच वचने पोकळ आहेत, हे त्यांना कळले होते आणि मैनेलाही कळले आहे, असे त्यांनी लिहून ठेवले. आरंभ गाळून केवळ नावांपासून गाणे सुरू केले की ही सारी धार बोथट होते. उरतो तो फक्त उमाळा.

आणखीही एक गोष्ट गळते, आणि ती सांगताना आम्हास संकोच होतो. या छक्कडीतील माणूस मराठी आहे म्हणून गाव सोडत नाही. तो गरीब आहे म्हणून सोडतो. आपली घराणी पेशवाईत वा त्यानंतर पटवर्धनांच्या, निपाणकरांच्या चाकरीच्या अथवा व्यापाराच्या निमित्ताने या भागात आली व स्थिरावली. घरात मराठी, बाजारात कन्नड, हे आपल्याला कधी जड गेले नाही. आपल्यापैकी काहींच्या वाडवडिलांच्या जमिनी होत्या, काहींचा तंबाखूशी संबंध होता. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या खकाण्यात दिवस काढणाऱ्या बायकांपैकी कोणी घरी मराठी बोलत, कोणी कन्नड. त्यांना मिळणारी मजुरी भाषा पाहून ठरत नसे. १९८० च्या आसपास त्या बायका संघटित झाल्या, आणि ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला. त्याआधीच्याच वर्षी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत शेतकऱ्यांनी महामार्ग अडविला आणि ६ एप्रिल १९८१ च्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या रस्त्यावर मराठी व कानडी शेतकरी शेजारी शेजारी बसले होते. लाल बावटा तेव्हा असते तर त्याने पहिला डफ तेथे वाजविला असता, याविषयी आम्हास शंका नाही. आमच्या मंडळासारख्या सभांतून तो वाजला असता काय, याविषयी मात्र आहे.

पण लाल बावटा तेव्हा नव्हते. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि पथकाला बांधून ठेवणारा धागा सुटला. अमर शेखांनी आपले स्वतंत्र कलापथक उभे केले. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी ते देशरक्षणाची गाणी गात फिरले. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली होती आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. ज्या देशावर पोवाडा रचला तो पाहून हा शाहीर परतला तो पुन्हा घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. दोघांनीही वयाची त्रेपन्न वर्षे ओलांडली नाहीत.

पुढे हा वसा इतरांनी घेतला. आव्हान नाट्य मंचाचे विलास घोगरे, संभाजी भगत, २००२ नंतर पुण्याचा कबीर कला मंच. घोगरे यांनी १९९७ मध्ये रमाबाई नगरातील गोळीबारानंतर स्वतःचे जीवन संपविले. कबीर कला मंचाच्या कलावंतांना तुरुंगवास भोगावा लागला. त्यांच्या राजकारणाविषयी आपल्या वाचकांत मतभेद असणार आणि आहेतच. परंतु त्यांच्यापैकी शीतल साठे यांचा आवाज ऐकताना आम्हास वाटते, की लाल बावट्याच्या पुढच्या पिढीत बाई पुन्हा गणाच्या पुढे आली आहे, आणि ती कोणाच्या आठवणीतली मैना म्हणून उभी नाही.

आपल्याकडे तसे गाणे कोणी रचले नाही. सीमाभागातील मराठी कवितेत आक्रोश विपुल आहे, हुतात्म्यांची गीते आहेत, पण मागे राहिलेल्या मैनेने मुंबईकडे तोंड करून दोन शब्द सुनावले आहेत, अशी रचना आमच्या वाचनात नाही. कानडी शेजारणीशी तिचे काय बोलणे होते, वखारीतून घरी येताना ती काय गुणगुणते, हेही कोणी टिपलेले नाही. कोणा वाचकाजवळ असे काही जपून ठेवले असेल, एखादी ओवी का असेना, तर मंडळाकडे अवश्य पाठवावी.

तो तरुण गायक पुढील सभेस पुन्हा यावयाचा आहे. छक्कड पूर्ण म्हटली तर वेळ किती लागेल असे त्याने पत्राने विचारले आहे, आणि त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवलेला नाही असे आम्ही त्यास कळविले आहे.