मुलांचे पहिले संगणक-प्रकल्प : ‘माइंडस्टॉर्म्स’च्या निमित्ताने एक चिकित्सा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीत, कोडिंगशी निगडित उपक्रमांचा उल्लेख आला आणि ‘मुलाला सुरुवातीला कोणता मनोरंजक प्रकल्प द्यावा?’ हा प्रश्न शिक्षकांइतकाच पालकांनाही पडू लागला. या प्रश्नातील ‘मनोरंजक’ हे विशेषण मात्र फारसे तपासले जात नाही. पडद्यावर काही हलले, आवाज झाला, गुण वाढले की प्रकल्प मनोरंजक ठरतो. प्रस्तुत लेखात सेमूर पेपर्ट यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या ग्रंथातील दोन उदाहरणांच्या आधारे या विशेषणाचा वेगळा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

पेपर्ट यांनी जिनिव्हात पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. पुढे १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडविली. तिच्यातील कासव ‘पुढे १००’, ‘उजवीकडे ९०’ अशा आज्ञा पाळते आणि चालताना रेघ ओढते. ग्रंथातील एक मूल चौरस व त्रिकोण जोडून घर काढू पाहते. पण छप्पर भिंतींच्या वर न येता चौरसाच्या आतच उमटते. कारण उघड आहे. चौरस पूर्ण करून कासव मूळ जागी, डाव्या पायथ्याशी, वर तोंड करून परतलेले असते आणि त्रिकोण तेथूनच सुरू होतो. कासवाला आधी १०० पावले वर नेऊन उजवीकडे ३० अंश वळविले की छप्पर जागेवर बसते. ही दुरुस्ती शिक्षकाने सांगावी लागत नाही. मूल स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहू शकते. चूक डोळ्यांना दिसते, तिचे कारण शोधता येते आणि शोधण्याचे साधन मुलाच्या अंगातच असते. प्रस्तुत लेखिकेच्या मते प्रारंभिक प्रकल्पाची खरी कसोटी हीच आहे.

बाजारातील ‘पायरी-पायरीने’ शिकविणारी पुस्तके नेमकी ही चूकच काढून टाकतात. संख्या ओळखण्याचा खेळ घ्या. १ ते १०० मधील गुप्त संख्या ‘मोठी’ किंवा ‘लहान’ एवढ्या उत्तरांवरून, दर वेळी मधली संख्या विचारत गेल्यास, जास्तीत जास्त ७ प्रयत्नांत हमखास सापडते. हे स्वतः शोधणे आनंदाचे आहे. परंतु वीस ओळी जशाच्या तशा उतरवून घेतल्यावर उरतो तो शुद्धलेखनाचा तास.

दुसरे उदाहरण भाषेच्या अध्यापकांना अधिक जवळचे वाटावे. जेनी नावाची १३ वर्षांची मुलगी शब्दांच्या याद्यांतून यदृच्छेने शब्द उचलून वाक्ये व कविता रचणारी आज्ञावली तयार करते. शब्द योग्य स्थानी पडावेत म्हणून तिला त्यांचे वर्ग करावे लागतात आणि व्याकरणातील नाम, क्रियापद हे भेद कशासाठी असतात, हे तिला प्रथमच उमगते. पेपर्ट येथे थांबतात. मराठीत मात्र खरी गंमत येथूनच सुरू होते. ‘चिमणी, पोपट, मांजर’, ‘काळा, निळी, पांढरे’ आणि ‘उडाला, बसली, पळाले’ अशा तीन याद्या मुलाने केल्या, तर यंत्र ‘काळा चिमणी पळाले’ असे वाक्य देईल. मूल हसेल, कारण ही चूक त्याच्या कानाला कळते. नियम त्याला ठाऊक असतो, फक्त सांगता येत नाही. मग प्रत्येक नामासोबत लिंग नोंदवावे लागते. पुढे ध्यानात येते की ‘लाल’, ‘सुंदर’, ‘हुशार’ यांना तीन रूपांची गरजच नाही. बदलतात ती बहुधा आकारान्त विशेषणे. विकारी-अविकारी हा पाठ्यपुस्तकातील निर्जीव भेद येथे यंत्राची गरज म्हणून अवतरतो. इंग्रजीत विशेषण लिंगानुसार बदलत नसल्याने जेनीला हा टप्पा लाभलाच नाही. इंग्रजी पुस्तकातील प्रकल्प केवळ भाषांतरित करणारे लेखक ही संधी गमावतात, असे खेदाने म्हणावे लागते.

अर्थात पेपर्ट यांचा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. एका जेनीवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. रॉय पी व मिडियन कुर्लंड यांनी न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये केलेल्या व १९८४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, लोगो शिकलेली मुले नियोजनाच्या कामात इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. कोडिंगने ‘बुद्धी वाढते’ असे सांगून वर्ग भरविणाऱ्यांनी हे वाचलेले दिसत नाही. लोगोने भूमिती कळेल, वाक्ययंत्राने व्याकरण कळेल. त्यापलीकडचे फळ गृहीत धरू नये.

साधनांची अडचण आज तुलनेने कमी आहे. २००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबने खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये आज्ञांचे ठोकळे एकमेकांत अडकतात, चुकीच्या आकाराचा ठोकळा बसतच नाही. त्यामुळे स्वल्पविराम राहिला म्हणून काम अडण्याचा त्रास वाचतो आणि मुलाचे लक्ष आशयाच्या चुकीवर राहते. यादी, यदृच्छ निवड आणि शब्दजोडणी हे तीनही ठोकळे तेथे आहेत व यादीत देवनागरी शब्द लिहिता येतात. कासव हवे असल्यास पायथॉन या भाषेसोबत ते विनामूल्य मिळते. उणीव आहे ती मुलाशेजारी बसून शब्दांविषयी बोलणाऱ्या माणसाची. संगणक विभागाला हे काम आपले वाटत नाही आणि मराठी विभागाला त्याची वार्ता नसते. वास्तविक वाक्ययंत्राला विभक्तीप्रत्यय जोडायला सांगितले, की ‘पोपटने’, ‘घोडाने’ अशी रूपे पडद्यावर येऊ लागतात. त्या क्षणी ‘पोपटाने’ आणि ‘घोड्याने’ यांतील सामान्यरूप मुलाला उलगडून दाखविणारा शिक्षक व्याकरणाचाच असावा लागतो.