सुट्या भागांचा किल्ला

नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, हल्ली तर मिसळीचंही होतं. होत नाही ते फक्त दिवाळीतल्या किल्ल्याचं. माणसं येतात, कमरेवर हात ठेवून उभी राहतात, "वा! छान केलाय हं," म्हणतात आणि चकलीकडे वळतात. इतकी बिनशर्त स्तुती माझ्या नशिबात फक्त एकदा आली होती. मुंजीत. तीही बटूची असते, माझी नव्हती.

मी मात्र किल्ल्यांचा अधिकृत टीकाकार आहे. आमच्या शिरढोणच्या आळीत दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा होते आणि तिचा परीक्षक गेली काही वर्षं मी आहे. इतिहासाचा अभ्यास, शिल्पकलेची जाण वगैरे कारणं मनात आणू नका. मी बी. कॉम. असून बँकेत आहे, त्यामुळे गुणांची बेरीज चुकणार नाही, एवढीच माझी पात्रता.

पण बेरीज करता करता माणूस जाणकार होतो. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलावर अळीव नाहीतर मोहरी. चार दिवसांत हिरवळ येते. बालेकिल्ल्यावर महाराज सिंहासनावर, आणि त्यांची उंची दरवाजाच्या दुप्पट. पायथ्याशी गवळण, तिच्याशेजारी गुहेत न मावणारा वाघ आणि बुरुजावर बंदूक रोखलेला प्लॅस्टिकचा हिरवा शिपाई, जो तीनशे वर्षं आधी कामावर रुजू झालेला असतो. हे सगळं मला दिसतं. तरी दहापैकी सहाच्या खाली मी कधी गेलो नाही. प्रमाण चुकलं तरी श्रद्धा बरोबर होती.

आमच्या घरचा किल्ला म्हणजे कर्नाळाच. अंगणात उभं राहून मान वळवली की तो अंगठा वर करून उभा, मग दुसरा किल्ला करायचा तरी कशाला? शिवाय गावाचं नातं आहे. वासुदेव बळवंत फडके आमच्या शिरढोणचे. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. ही तारीखही दिवाळीच्या आगेमागेच येते. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला आणि किल्लेदाराच्या नातवाला पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करावी लागली. आई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही. पुढे त्यांनी त्या सरकारविरुद्ध बंड उभारलं आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवला. रजा मलाही नाकारल्या गेल्या आहेत. मी फार तर साहेबांच्या केबिनचं दार जरा जोरात लोटलं.

तर मुद्दा असा, की गेल्या वर्षी आमच्या दादाने गाडी उभी करायला अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. त्यावर चिखल करायचा म्हटल्यावर वहिनींनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेपुढे कुठलाही बुरूज टिकला नसता. माती आणायची कुठून हाही प्रश्नच. आमच्या पनवेल तालुक्यात रस्त्यावरून माती डंपर भरभरून जाते, पण घमेलंभर कोणी देत नाही.

अकरावीतला पुतण्या म्हणाला, "काका, मी यंदा बोर्ड करतोय."

मला वाटलं, बोर्डाची परीक्षा बारावीला असते. पण ते प्रकरण वेगळं होतं. एक फूट लांब, एक फूट रुंद असे प्लायचे बारा तुकडे. त्यांवर फ्रीजच्या खोक्यातला फोम कापून केलेले डोंगर, वर फेविकॉलमध्ये कालवलेला वर्तमानपत्राचा लगदा, त्यावर चाळलेली रेती. रंगवलेला भुसा म्हणजे गवत, भांडी घासायच्या काथ्याची झुडपं. तुकडे हवे तसे जुळवायचे आणि त्या मुलखात मित्रांबरोबर फाशांवर लढाई खेळायची. खेळ संपला की बाराही तुकडे दिवाणाखाली. वहिनी खूष.

चुकाही त्याने रीतसर केल्या. पहिला तुकडा ओल्या लगद्याने पापडासारखा वाकला. प्लायला दोन्ही बाजूंनी आधी रंग द्यायला हवा, हे त्याला तेव्हा कळलं. दुसऱ्यावर स्प्रेचा रंग मारला, तर फोम विरघळून डोंगराचं तळं झालं.

"असला खेळ कोणी ऐकलाय का?" असं मी म्हणालो, आणि त्याने मला इतिहास ऐकवला. प्रशियाच्या राजाला १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या माणसाने असंच टेबल करून दिलं होतं. चौकोनी सुट्या तुकड्यांवर टेकड्या, नद्या, रस्ते. हवे तसे मांडा आणि लढा. पुढे त्याच्या मुलाने तो खेळ नकाशावर आणला आणि सैन्यातले अधिकारी त्यावर शिकू लागले. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळायच्या लढाईचं अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे आमचा पुतण्या एकटा नव्हता. मी होतो.

आता परीक्षण. पहिला दोष सांध्यांचा. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जुळायचा, तर सगळ्यांच्या कडा सारख्या उंचीच्या हव्यात. म्हणून प्रत्येक डोंगर कडेला पोचायच्या आत मुकाट्याने सपाटीला येतो. कॅश पाचच्या आत जुळलीच पाहिजे, तसा. आमचा सह्याद्री असा फुटाफुटाला खाली बसत नाही.

दुसरा दोष मापाचा, आणि इथे माझं कॉमर्स कामी आलं. शिपाई २८ मिलिमीटरचा, म्हणजे माणसाचा साधारण साठावा भाग. कर्नाळ्याचा सुळका सव्वाशे फुटांच्या आसपास. भागिले साठ, म्हणजे नुसता अंगठाच दोन फूट! आणि चारशे मीटरांच्या वरचा सबंध डोंगर त्या मापाने करायचा, तर तो आमच्या घराच्या कौलांवर जाईल. तेव्हा पुतण्याने सुळका आठ इंचांचा केला होता. "सगळेच उंचीत मारतात, काका," तो म्हणाला. म्हणजे मातीच्या किल्ल्यावर महाराज मोठे होते म्हणून मी गुण कापत होतो, आणि इथे डोंगरच लहान! हिशेब तोच, फक्त जमेची रक्कम नावे टाकली.

तिसरा दोष मोठा. "हे तुकडे फिरवून यातून राजगड होईल?" मी विचारलं. "होईल." "प्रतापगड?" "होईल की." मी म्हणालो, "अरे, ज्याचा कुठलाही गड होतो, तो कुठलाच गड नसतो."

वाक्य मला फार आवडलं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं. पुतण्याने एवढंच म्हटलं, "खेळून तर बघा."

मला मोगल किल्लेदार केलं. मी वर आरामात. खालून १६७० सालची मराठी फौज. मी तोफा रोखल्या, पण पुतण्या समोर येईचना. मातीचे छोटे बांध पुढे मांडायचा, त्यांच्या आड दोन बोटं सरकायचा, पुन्हा बांध. महाराजांच्या लोकांनी कर्नाळा खरंच असे मोर्चे पुढे नेत घेतला होता, हे त्याने मला माझा दरवाजा पडल्यावर सांगितलं.

चाळीस वर्षं तो डोंगर मी रोज पाहतोय. बोरघाटातून बंदरांकडे उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला तो तिथे आहे, हे मला हरल्यावर समजलं. मातीच्या किल्ल्यावर कधी कोणी चाल करून येत नाही. तिथे रोजच राज्याभिषेक. हरायची सोय असलेला किल्ला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी गुणांची वही उघडणार, तोच आरामखुर्चीतून अण्णा उठले. वय ८४. काठी टेकत जवळ आले, चष्मा कपाळावर ढकलून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पाणी कुठाय?"

सगळे गप्प. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात टाकी खोदलेली आहेत, आणि ती आहेत म्हणूनच वर गड आहे. आम्ही लहान असताना अण्णा माती कालवायच्याही आधी नारळाची करवंटी पुरायचे आणि तांब्याने तीत पाणी ओतायचे. मग वर किल्ला चढायचा. ते मी कसा विसरलो? माझ्या तिन्ही दोषांत हा दोष नव्हता.

पुतण्याने एक अक्षर न बोलता सुळक्याचा तुकडा उचलला, कटरने पायथ्याशी तीन खाचा पाडल्या आणि आत फेविकॉल ओतला. सुकल्यावर ते पाण्यासारखं चकाकतं म्हणे. अण्णा तिथेच उभे. मग म्हणाले, "हा तुकडा आता दुसऱ्या गडाला लावू नकोस." "नाही लावणार, आजोबा."

माझ्या वाक्याचा निकाल असा दोन वाक्यांत लागला. वहीतलं वाक्य मी खोडलं.

गुण मात्र मी दिले नाहीत. बँकेत ज्याने व्हाउचर केलं, त्यानेच ते पास करायचं नसतं. आणि घरच्या किल्ल्याला घरचा परीक्षक, हे त्यातलंच. मंडळाला तसं लेखी कळवलं. त्यांनी आमचा किल्ला "माती नाही" म्हणून स्पर्धेतून बाद केला. नियम योग्यच आहे, तो मीच लिहिलेला आहे.

यंदा अण्णांनी वहिनींना सांगून कोपऱ्यातले चार पेव्हर ब्लॉक काढून घेतले आहेत. खाली माती आहे. करवंटी मी आणायची आहे.